एकवीस दिवसांचं कॅलेंडर : आईची केमो गावात राहून काढताना

पहिल्या केमोच्या रात्री साडेदहाला आई संडासातून बाहेर आली आणि दाराशीच खाली बसली. "बाबू, लाल आलं रे. रक्त होय का हे?" मी मोबाइलचा टॉर्च घेऊन आत गेलो. होळीला पळसाची फुलं उकळली की पाण्याला जो केशरी-लाल रंग चढतो, अगदी तसा रंग. दवाखाना नागपुरात, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, तालुक्याला जाणारी शेवटची येष्टी केव्हाच गेलेली. ती रात्र आम्ही दोघांनी ओट्यावर बसून काढली.

सकाळी फोन लागला तेव्हा कळलं, ते रक्त नव्हतंच. तिला दिलेल्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन हे मुळातच लालभडक असतं आणि एक-दोन दिवस लघवीवाटे त्याचा रंग उतरतो. वॉर्डातले जुने पेशंट त्याला सरळ 'लाल औषध' म्हणतात. सिस्टरनी निघताना सांगितलंही असेल. फाइल, सह्या, गोळ्या आणि गाडीची वेळ या गडबडीत ते आमच्या कानावरून गेलं.

केमो दवाखान्यात चार-पाच तास चालते. पुढचे वीस दिवस ती घरात चालते, आणि घर दीडशे किलोमीटरवर असलं की घरातल्याच कोणाला तरी अर्धा कंपाउंडर व्हावं लागतं. यात एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. हे त्रास वाट्टेल तेव्हा येत नाहीत, त्यांच्या तारखा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. हे उमगल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि केमोच्या दिवसापासून आकडे टाकत गेलो. पुढे जे लिहितोय ते त्या कॅलेंडरवरचंच आहे. आईला स्तनाचा कॅन्सर होता. आधी ऑपरेशन, मग दर २१ दिवसांनी केमो, मग शेक (रेडिएशन), मग गोळ्या, असा तिचा क्रम. तुमच्या घरातल्या पेशंटची औषधं वेगळी असतील तर तारखाही थोड्या सरकतील. तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा : "कोणत्या दिवशी काय होईल?"

सोयाबीन पिवळं का पडतं

गावात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न : औषध जर कॅन्सरवर आहे, तर केस का जातात? शेतकऱ्याला हे समजवायला वेळ लागत नाही. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की तण जळतं, पण कधीकधी सोयाबीनलाही शॉक बसतो. आठ-दहा दिवस पीक पिवळं पडतं, वाढ थांबते, मग नवी पालवी फुटून ते सावरतं. केमोचं तसंच आहे. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. पण अंगात चांगल्या पेशीही भराभर वाढणाऱ्या असतात : केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या, आणि हाडांच्या मगजातल्या, जिथे रक्त तयार होतं. त्रास होतो तो बहुतेक याच जागी. दोन केमोंमध्ये २१ दिवस का ठेवतात, याचं उत्तरही यातच आहे. पिकाला सावरायला तेवढे दिवस लागतात. तण मात्र तेवढ्यात पूर्ण सावरू नये, असा हिशेब असतो.

पहिला आठवडा : उलटी आणि तोंडाची चव

उलटीच्या गोळीबाबत आमची पहिली चूक अशी, की उलटी झाल्यावर गोळी द्यायची असं आम्ही धरून चाललो होतो. उलटी सुरू झाली की गोळीही बाहेर पडते. पहिले तीन-चार दिवस, मळमळ असो की नसो, चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला गोळी द्यायची. मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जोर करते, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं, आता बरं आहे, गोळी कशाला. ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट घट्ट होतं, त्यासाठी पातळ औषध आधीच मागून घ्या. सोबत स्टेरॉइड असतं. त्याने झोप उडते. आमची आई पहिल्या केमोनंतर रात्री दोन वाजता भांडी घासत बसली होती, आणि आम्हाला वाटलं, वा, काय शक्ती आली! चौथ्या दिवशी स्टेरॉइड उतरलं आणि ती अशी गळाली, की पाणी पाजायलाही आधार द्यावा लागला. दोन्ही अपेक्षितच होतं. शुगर असलेल्या माणसाची शुगर या दिवसांत वाढते, ते वेगळं सांभाळावं लागतं.

जेवणाचं सांगायचं तर फोडणीचा वास हा मोठा वैरी. आम्ही चूल मागच्या अंगणात नेली. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून तिला थोडं निवलेलं द्यायचो : मऊ भात आणि वरण, ज्वारीची आंबील, मुगाची पातळ खिचडी, उकडलेलं अंडं. एका वेळी चार-पाच घास, पण दिवसातून सहा-सात वेळा. "भाजी लोखंड चाटल्यावानी लागते" असं ती म्हणायची. हे नाटक नसतं, औषधाने चव खरंच बदलते. आम्ही तिला स्टीलच्या चमच्याऐवजी प्लॅस्टिकचा दिला, तेवढ्यानेही थोडा फरक पडला. तोंडात फोड आले की तिखट आणि संत्रं दोन्ही बंद. नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा संत्र्याची पिशवी घेऊन यायचा, ती शेजारच्या पोरांनी संपवली. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायच्या, आणि ब्रश मऊ वापरायचा. जिभेवर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. त्याला औषध आहे, फोन करून विचारा.

केमोनंतरचे दोन दिवस पेशंटची लघवी आणि उलटी यांत औषध उतरत असतं. साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी ओता, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. याचा अर्थ पेशंटचं ताट वेगळं करायचं असा मुळीच नाही. कॅन्सर जेवणातून, शिवण्यातून, एका अंथरुणातून लागत नाही. आमच्याकडे एका काकूने आईचा पाण्याचा गिलास बाजूला ठेवला तेव्हा आई दिवसभर बोलली नाही.

दुसरा आठवडा : याच्यावर लाल खूण

कॅलेंडरवर सातव्या ते चौदाव्या दिवसाभोवती मी लाल पेनाने चौकट केली होती. या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. आई मात्र वरून बरी दिसायची. उलट्या थांबलेल्या, दोन घास जास्त जातात, म्हणून ती उठून गोठ्यात जायची. धोका असा, की अंगाची राखण करणारी फौज या आठवड्यात घरी गेलेली असते. साधी जखम लाल होते, सुजते, तिच्यात पू होतो, ते सगळं पांढऱ्या पेशींमुळे. पेशीच नसल्या तर पू होत नाही, सूज येत नाही. आत जंतू पसरत असतात आणि बाहेर खूण एकच दिसते : ताप.

म्हणून थर्मामीटर घरात हवाच, डिजिटल. दीड-दोनशे रुपयांची वस्तू, पण आमच्या घरात केमो सुरू होईपर्यंत नव्हती. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर गेला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्री असला तरी निघायचं. काखेत मोजला तर ताप थोडा कमीच दिसतो, हेही धरा. अंग थरथरत असेल तर आकडा कमी असला तरी निघा. आणि दवाखान्याला विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. गोळीने आकडा उतरतो, जंतू उतरत नाहीत, आणि डॉक्टरसमोर पेशंट बरा वाटतो.

दुसऱ्या केमोच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी आईचा ताप १००.८ भरला. नागपूर गाठायला चार तास लागले असते. आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं : कोणता कॅन्सर, शेवटची केमो कोणत्या तारखेला, औषधांची नावं, नागपूरच्या वॉर्डाचा नंबर, आणि खाली, "केमोनंतरचा ताप आहे, सीबीसी (रक्ताची तपासणी) करून अँटिबायोटिक सुईने लगेच सुरू करावं ही विनंती." ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते वाचलं, नागपूरला फोन केला, सलाइन लावलं, आणि मग रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त ३०० होत्या. ५०० च्या खाली गेल्या की धोका मोठा समजतात. अशा तापात पहिल्या तासात औषध गेलं पाहिजे. आई पाच दिवस भरती राहिली आणि चालत घरी आली. त्या कागदाने वाचवलेला अर्धा तास किती मोलाचा होता, ते मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

त्यानंतर तिला पेशी वाढवणारं इंजेक्शन सुरू केलं, फिल्ग्रास्टिम. केमो संपून २४ तास उलटल्यावर ते कातडीखाली देतात. गावातल्या नर्सताई देत होत्या. अडचण अशी, की ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्याकडे फ्रिज नव्हता. मी किराणा दुकानातल्या थंड्याच्या फ्रिजमध्ये ठेवलं. मी सांगितलेल्या जागेवरून दुकानदाराच्या पोराने ते बाटल्या लावताना मागे सरकवलं, बर्फाच्या भिंतीला. सकाळी काढलं तर आत गोठलेलं. गोठलेलं इंजेक्शन विचारल्याशिवाय वितळवून द्यायचं नसतं, आम्ही ते फेकलं. यवतमाळहून दुसरं आणेपर्यंत दिवस गेला. पुढच्या वेळी मी मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घातला, वर जाड फडका, आणि त्याच्यावर डबीसकट इंजेक्शन. बर्फाला थेट लागू द्यायचं नाही. एवढंच, पण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. या इंजेक्शनने कंबर आणि हाडं ठणकतात, त्याला घाबरू नका. मगज कामाला लागल्याची ती खूण आहे.

लाल चौकटीतल्या दिवसांत शेणात हात नाही, गोठा झाडणं नाही, अनवाणी चालणं नाही, बाजार आणि लग्नाची पंगत नाही. पाणी उकळून, कच्ची काकडी-कोशिंबीर बंद, फळ सोलूनच. हे सगळं जमतं. जमत नाही ते भेटायला येणारे लोक थांबवणं. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. चार-चार बाया खाटेभोवती बसतात, त्यातली एक खोकत असते. मी तोंडावर नाही म्हणू शकलो नाही. आशाताईंनी ते काम केलं. त्यांनी गावात सांगितलं, डॉक्टरांनी पंधरा दिवस भेट बंद केली आहे, पंधरवड्यानंतर या. डॉक्टरच्या नावावर कोणी रुसत नाही.

केस आणि थकवा

केस पहिल्या केमोनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात. एकदम, झुबक्याने. त्याआधी डोक्याची कातडी दुखते. आम्ही तारीख धरून आधीच बायकोला सांगून आईचे केस खांद्यापर्यंत कापून घेतले, तरी उशीवर पहिला पुंजका दिसला तेव्हा ती म्हणाली, "आता मले सगळे ओळखतील." ओळखतील म्हणजे, आजार ओळखतील. तोपर्यंत गावात 'गाठ काढली' एवढंच सांगितलं होतं. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस परत येऊ लागतात. हे तिला दहा वेळा सांगितलं, तिने विश्वास ठेवला तो दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या, बारीक केस फुटलेल्या बाईला पाहून.

थकव्याबद्दल एवढंच : हा थकवा झोपून जात नाही. दिवसभर शेतात राबल्याचा थकवा रात्री झोपलं की उतरतो, हा उतरत नाही. घरातल्यांना तो आळस वाटतो, इथेच भांडणं होतात. दिवसभर झोपून राहिल्याने तो वाढतो, रोज अंगणात दहा मिनिटं चाललं तर थोडा हलका होतो. हिमोग्लोबिन उतरलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.

चप्पल निसटली तेव्हा

लाल औषधाच्या चार केमो झाल्यावर पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध सुरू झालं. उलट्या जवळपास थांबल्या, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. जुलैत ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चालत होती. मागून मला दिसलं, तिच्या उजव्या पायातली चप्पल चिखलात राहिली होती आणि ती तशीच पुढे जात होती. तिला कळलंच नव्हतं. या औषधाने हातापायांच्या बोटांच्या टोकाकडच्या नसा बधिर होतात, मुंग्या येतात. चुलीवरचं गरम भांडं लागतं आणि चटका समजत नाही. गुंडी लावता येत नाही, सुईत दोरा जात नाही. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, कारण बधिरपणा वाढत असेल तर ते औषधाची मात्रा बदलतात. पेशंट सांगत नाहीत, त्यांना वाटतं वयामुळे होतंय. मी रोज संध्याकाळी तिचे तळपाय टॉर्चने पाहू लागलो. काटा रुतलाय का, फोड आलाय का. आधी तिला लाज वाटली. "आईचे पाय पाहून राह्यला जसा काही बैल विकत घेतो," म्हणाली, आणि दोघंही हसलो.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढे सुजू शकतो. शिकवलेला व्यायाम रोज करायचा, काटे आणि चटके यांपासून तो हात जपायचा. भरलेली घागर त्या हाताने उचलू नये, असं सांगूनही आमच्याकडे दोनदा उचलली गेली. मग पाण्याची घागर ओट्यावरच ठेवायला लागलो.

शेक

रेडिएशनला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, आणि शब्दातच भाजण्याची भीती आहे. मशीनखाली दहा-पंधरा मिनिटं निजायचं, काही टोचत नाही, काही दिसत नाही. बाहेरून दिलेल्या शेकाने पेशंटच्या अंगातून किरण निघत नाहीत, नातवाला मांडीवर घेता येतं. आईला १५ बैठका होत्या, आठवड्यातून पाच, म्हणून नागपुरात धर्मशाळेत खोली घेऊन राहिलो. कातडीवर शाईच्या खुणा करतात, त्या घासून धुवायच्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी काळवंडते, आणि त्रास शेक संपल्यानंतरही एक-दोन आठवडे वाढतो. हळद, पावडर, तूप, गावठी लेप काही लावू नका, विचारल्याशिवाय. सैल सुती झंपर घाला.

आमच्या खोलीशेजारी खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडाचा कॅन्सर झालेले एक काका होते. त्यांचं गणित वेगळं आणि कठीण. तोंडाचे शेक साधारण ३० ते ३५, सहा-सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघतं, लाळ आटते, थुंकीही गिळवत नाही. नाकातून नळी टाकायची वेळ आली की घरचे रडतात, जणू शेवट जवळ आला. ती नळी पोट चालू ठेवायला असते, वजन उतरलं तर शेक मध्येच थांबवावे लागतात. तोंडाचे शेक सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम शेक संपल्यावरही सोडू नका. त्यांचा मुलगा बाहेर पायरीवर बसून खर्रा घोटायचा. मी काही बोललो नाही, बोलायला हवं होतं.

कागद, पैसा आणि गावचे सल्ले

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि शेक बसतात, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना योजनेतला आहे का ते आधी पाहा, आणि आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम पाहणारा दवाखान्यातला माणूस) टेबलावर पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून आमचे चार दिवस गेले. विदर्भात नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, इथे उपचार होतात. लगेच मुंबई गाठायलाच हवी असं नाही. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. आम्ही धामणगावपर्यंत येष्टीने आणि पुढे रेल्वेने जायचो.

सल्ले फुकट मिळतात आणि महाग पडतात. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, साखर बंद केली की मरतो, अमक्या महाराजांची पुडी. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि केमो चालू असताना ती लिव्हर-किडनीवर काय करील हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. आमच्या मामांनी आणलेली पुडी मी देवापुढे ठेवली आणि तिथेच राहू दिली. मामाही खूश.

आईपासून लपवायचं की सांगायचं, यावर आम्ही भावंडं महिनाभर भांडलो. शेवटी तिनेच गाडीत विचारलं, "कॅन्सरच हाय ना मले?" हो म्हणालो. ती खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मंग सरळ सांगत जा न. किती बार जावं लागते, ते सांग." तिला आकडा हवा होता. त्या दिवसापासून कॅलेंडर तिच्या खाटेसमोर टांगलं.

आता केमो नाही, शेक नाही, रोज एक गोळी आहे, निदान पाच वर्षं. आईला लिहिता येत नाही. गोळी घेतली की ती त्या दिवसाच्या चौकोनात बोटाने कुंकवाचा ठिपका देते. परवा एक चौकोन कोरा दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "घेतली रे, कुंकू संपलं होतं." तेव्हापासून महिन्याच्या शेवटी मी गोळ्यांची पाकिटंही मोजतो.